शेवटच्या घराची नोंद

फणस पिकायला लागला की मी आधी स्वतःच्या नाकाची परीक्षा घेते. शाळेच्या मागे, रानाला लागून, फणसाची दोन झाडं आहेत, एक काप्याचं, एक बरक्याचं. वर्गाचं कुलूप काढायच्या आधी मी तिथे जाते, उभी राहते आणि वास घेते. वास आला की हायसं वाटतं आणि मी कामाला लागते. मे महिन्यात शाळेला सुट्टी, मग काम कसलं, असं कुणी विचारलं तर दाखवायला माझ्याकडे दहा कागद असतात. खरी गोष्ट अशी की मे आला की मला खोलीत बसवत नाही.

मी मूळची खानापूरकडची. रामनगरच्या पुढे, रानात शिरलेल्या या वाडीवर मराठी शाळेची बाई म्हणून आले, त्याला वीस वर्षं होऊन गेली. वाडीत बेचाळीस घरं आहेत. हे मी अंदाजाने सांगत नाही. मी ती मोजली आहेत, आणि एकदा नव्हे, एका मे महिन्यात रोजच्या रोज मोजली आहेत.

करोनाची दुसरी लाट आली तो हा महिना. पहिल्या वर्षी आमच्याकडे कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. रोग शहराचा, असंच सगळे म्हणायचे. बेळगावात आज किती, गोव्यात किती, बेंगळुरात किती गेले, हे मात्र वाडीत सगळ्यांना तोंडपाठ असायचं, कारण प्रत्येक घरचं कुणी ना कुणी तिकडे कामाला. दुकानाच्या कट्ट्यावर क्रिकेटच्या धावा सांगाव्यात तसे शहरांचे आकडे सांगितले जायचे. दुसऱ्या वर्षी ती माणसंच परत आली, मडगावहून, बेळगावहून, आणि कट्ट्यावरचं बोलणं थांबलं. मग वरून हुकूम आला: शिक्षकांनी आशा कार्यकर्तीला बरोबर घेऊन रोज घरोघर फिरायचं, ताप बघायचा, ऑक्सिजन बघायचा आणि दुपारी चारच्या आत आकडे कळवायचे.

आमच्या वाडीची आशा म्हणजे सुनंदा. माझीच विद्यार्थिनी. गणितात कच्ची, माणसांत पक्की. तापाचं पिस्तूल तिच्या हातात, बोटाला लावायचं मशीन आणि वही माझ्या हातात. तक्ता कन्नडमध्ये छापलेला. ज्वर, केम्मु, म्हणजे ताप आणि खोकला, श्वासाचा त्रास, बाहेरगावाहून कुणी आलं का. लोक उत्तर द्यायचे मराठीत, मी लिहायची कन्नडमध्ये: इल्ल, इल्ल, इल्ल. नाही, नाही, नाही. एका पानावर इतक्या वेळा 'नाही' मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

वाडीत रेंज नाही. रेंज मिळते वरच्या माळावर, काजूच्या बागेच्या कडेला, एका खडकाच्या उजव्या अंगाला. डाव्या अंगाला मिळत नाही. तिथे उन्हात उभं राहून आम्ही आकडे पाठवायचो. पायाखाली पडलेल्या बोंडांचा आंबूस, डोक्यात जाणारा वास, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, आणि हातातला फोन उंच धरून सुनंदा म्हणायची, "ग्येला बाई, ग्येला!" आकडा गेला की कालची जिल्ह्याची यादी खाली उतरायची. कारवार, अंकोला, कुमटा, शिरसी, हल्याळ, दांडेली. त्यात कुठेतरी आमचा जोयडा. आमच्या तालुक्याचा आकडा बहुतेक लहान असायचा. रान मोठं, माणसं थोडी. मोठ्या शहरात त्या आकड्याकडे कुणी बघितलंही नसेल. मी मात्र रोज आधी तोच शोधायची, आणि त्यात आमच्या वाडीचं काही मिसळलेलं नाही याचा मला अभिमान वाटायचा. माझी वाडी, माझा तक्ता, माझं शून्य. पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीसारखी मी त्या शून्यावर खूष होते.

लोक लपवायचे, हे मला कळत नव्हतं असं नाही. एक बाई पिस्तूल कपाळाकडे जाताच मागे सरकली आणि म्हणाली, "ओ बाई, चुलीम्होरं बसलेलं मानूस मी, कपाळ गरम न्हाई हुनार व्हय?" दुसऱ्या घरात गोव्याहून आलेला मुलगा माळ्यावर गवतात झोपला होता, आम्ही सोप्यावर असताना वरून तो खोकला. त्याची आई आमच्याकडे बघत तितक्याच मोठ्याने खोकायला लागली. सुनंदा हसली, शिडी चढून गेली आणि त्याला खाली घेऊन आली. अशी माणसं सापडली की मला वाटायचं, आपल्या नजरेतून काही सुटत नाही.

सगळ्यात शेवटचं घर परसू अज्जा आणि गंगव्वाचं. आमच्या बाजूला म्हाताऱ्या माणसाला अज्जा आणि घरच्या कर्त्या बाईला अव्वा म्हणतात, मग घर मराठी बोलणारं असो की कन्नड. दोघांना मूल नव्हतं. चार वाफे भाताचे, एक म्हैस, एक गाय. अज्जांचं तरुणपण रानात बांबू तोडण्यात गेलेलं. हाताची बोटं इतकी जाड की मशीनचा चिमटा बसवताना मला कसरत करावी लागायची. मशीनवर आकडा उमटला की ते विचारायचे, "किती पडलं, बाई?"

"सत्त्याण्णव."

"पास! शाळंत असतो तर मास्तर झालो असतो बगा."

हा विनोद ते रोज करायचे आणि मी रोज हसायची. बाकी एकेचाळीस घरांत फिरून आल्यावर ते एवढं हसणं मला लागायचं.

एकदा मात्र ते माझ्या वहीकडे बघत गंभीर झाले. त्यांचं मूळ गाव सुपा धरणात गेलेलं. म्हणाले, "आमच्या गावात बी असेच वही घिऊन आले हुते. घरं मोजली, झाडं मोजली, जनावरं मोजली, मानसं मोजली. मोजून झालं आन् गाव पान्यात ग्येलं. तवापासनं वही दिसली की मला घाम फुटतो." सांगून ते मोठ्याने हसले. गंगव्वा गोठ्याच्या दारात उभी होती. ती हसली नाही, आत निघून गेली.

त्या घरात माझ्याकडून एक चूक रोज व्हायची. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला गूळ-पाणी देतात. ते नाही म्हणणं म्हणजे त्या घराला नाही म्हणणं. बाकी सगळीकडे मी नियमाकडे बोट दाखवून सुटायची. इथे सुटता येत नव्हतं. ऊन डोक्यावर आलेलं, घसा कोरडा पडलेला, आणि अज्जा ताटलीत गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन समोर. "कोरड्या तोंडानं जातासा व्हय, बाई? आमी काय मानसं न्हवं?" मी पडवीत बसायची, मास्क हनुवटीवर ओढायची, गूळ तोंडात टाकायची आणि अज्जांशी गप्पा मारत पाणी प्यायची. सुनंदा अंगणातून डोळे वटारायची. मी म्हणायची, दोन घोट तर आहेत.

मे निम्मा सरला आणि अज्जांनी त्यांच्या परसातला फणस फोडला. हाताला तेल चोपडून, कोयत्याने दोन फाकी करून, त्यांनी गरे काढायला घेतले. "वास बगा, बाई! दांडेलीपातूर जाईल!" म्हणाले. मी हो हो म्हटलं. सुनंदाने डोळे मिटून श्वास ओढला. मला काहीच आलं नाही. एक गरा तोंडात घातला, तो मऊ लागला, बस. मला वाटलं, उन्हाने थकले आहे. शिष्टाचार म्हणून मी "गोड आहे" म्हटलं आणि आणखी दोन खाल्ले.

माळावर चढताना माझ्या लक्षात आलं. पायाखाली बोंडं पडली होती, माश्या घोंघावत होत्या, आणि वास नव्हता. मी खाली वाकले, एक कुजलेलं बोंड उचलून नाकाला लावलं. नाही. मी तिथेच बसले आणि मशीन स्वतःच्या बोटाला लावलं. इतक्या दिवसांत वाडीतलं प्रत्येक बोट त्यात गेलं होतं, माझं कधी गेलं नव्हतं. तक्त्यात मोजणाऱ्याचा रकाना नव्हता आणि तो आखावा असं मला, इतकी रेघोट्या मारायची हौस असलेल्या बाईला, सुचलं नव्हतं. सुनंदा चार पावलं मागे सरकून उभी राहिली. त्या दिवशीचे आकडे तिनेच पाठवले.

रामनगरला तपासणी झाली आणि दोन दिवसांनी मी यादीत गेले. जोयड्याच्या पुढच्या त्या लहान आकड्यात आता मी होते. मला ठेवायला जागा कुठली, तर माझीच शाळा. तिसरीच्या वर्गात खाट टाकली. भिंतीवर मी स्वतः रंगवलेले पाढे, एका कोपऱ्यात मुलांच्या पाट्या. ताप दोन दिवस आला आणि गेला. नंतर फक्त अशक्तपणा आणि वेळ. मी पाढे उलटे म्हणायची. बावीस दाहे दोनशे वीसपासून खाली.

दुपारी माळावर जायच्या आधी सुनंदा शाळेच्या फाटकाशी थांबायची. मीच तिला तसं सांगितलं होतं, तपासून घेते म्हणून. ती लांबून ओरडून वाचायची: "घर एक, समदे बरे. घर दोन, म्हातारीला खोकला, पन जुना हाय. घर तीन, बरे." मी खिडकीचे गज धरून ऐकायची. चौथ्या दिवशी ती एकेचाळीसपर्यंत आली आणि थांबली.

"आणि शेवटचं?"

"अज्जाला ताप हाय, बाई."

"ऑक्सिजन?"

"त्र्याण्णव."

"अव्वा?"

"अव्वा बरी हाय. तिला बसवूनच बगितलं मी. सत्त्याण्णव."

दुसऱ्या दिवशी नव्वदही राहिले नव्हते. गाडी आली आणि अज्जांना बेळगावला घेऊन गेली. गंगव्वाला गाडीत बसू दिलं नाही. ती रस्त्यापर्यंत मागे गेली आणि मग म्हशीला पाणी पाजायची वेळ झाली म्हणून परत आली, असं सुनंदाने सांगितलं. त्यानंतर पाच दिवस ती फाटकाशी येऊन वाचत राहिली. शेवटच्या घरापाशी ती म्हणायची, "अव्वा बरी. अज्जा बेळगावला." सहाव्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या हातात वही नव्हती. ती काही बोलायच्या आधीच मला कळलं.

मी मारलं, असं मला वाटलं. दुसरं काही मनात आलंच नाही. मीच रोज त्यांच्या पडवीत मास्क खाली ओढून बसले, मीच त्यांच्या हातचे गरे खाल्ले, मीच रोग दारोदार घेऊन फिरले, तो शोधण्याच्या नावाखाली. बाकी कुठल्या घरात मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते. म्हणजे हिशेब सोपा होता. तिसरीच्या मुलालाही सुटला असता.

शाळेतून बाहेर पडले त्या दिवशी मी आधी माळावर गेले. खडकाच्या उजव्या अंगाला उभी राहिले आणि इतक्या दिवसांच्या याद्या एकापाठोपाठ एक उतरल्या. मी अज्जा गेले तो दिवस काढला. जोयड्यापुढे मृत्यू: शून्य. दुसरा दिवस, शून्य. तिसरा दिवस, शून्य. माणूस आमचा, पण गेला बेळगावला, दुसऱ्या जिल्ह्यात. कागद इकडून तिकडे जाईपर्यंत तो कुठेच नव्हता. मग बऱ्याच दिवसांनी एका यादीत जोयड्यापुढे एक दिसला. यादीत नाव नसायचं. तो एक म्हणजे आमचे अज्जा की नंदिगड्ड्याकडचं दुसरं कुणी, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या यादीचा फोटो मी जपून ठेवला आहे.

लोक आता त्या दिवसांबद्दल बोलत नाहीत. गणेशगुडीला पुन्हा गाड्यांची रांग लागते, शहरातली माणसं लाल जाकिटं घालून काळी नदीच्या पाण्यात उतरतात आणि किंचाळतात. आमच्या वाडीतली पोरं पुन्हा मडगावला गेली. कट्ट्यावर पुन्हा क्रिकेट आलं. सुनंदाला मी एकदा म्हटलं, मला अव्वाला सांगायचं आहे. ती म्हणाली, "कशाला, बाई? तिला बी तरास, तुमास्नी बी तरास." मी गप्प बसले. गप्प बसायला मला आवडलं, हेही खरं. इतकी वर्षं मी गंगव्वाकडे जात राहिले. तिच्या पेन्शनचे कागद केले, म्हैस आजारी पडली तर डॉक्टरला फोन केला. ती देईल ते खाल्लं. दर वेळी घरी परत येताना वाटायचं, आज राहिलंच.

या मे महिन्यात फणसाचा वास आला आणि मी कुलूप न काढताच तिच्याकडे गेले. ती पडवीत आमसुलं करायला बसली होती. पुढ्यात रातांब्यांची रास, हात कोपरापर्यंत लाल. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. मला वास येत नव्हता तेव्हा मी आजारी होते, त्याच्या आधीही असणार; मी मास्क काढून बसत होते; अज्जांना माझ्यामुळे झालं. शब्द मी वर्षानुवर्षं जुळवून ठेवले होते, ते सगळे विसरले आणि हे एवढंच आलं.

गंगव्वाने आणखी दोन रातांबे फोडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताप मला आदी आला हुता, बाई."

मला वाटलं तिला माझं बोलणं कळलं नाही.

"तुमी शाळंत जाऊन पडलासा, त्येच्या आदी आट-दहा दिस. आंग मोडून आलं हुतं. भाकरी थापाय बसवत नव्हतं. तुमची नि सुनंदीची चाहूल लागली की गोठ्यात जाऊन शेन काडत बसायची मी."

"सांगितलं का नाहीत, अव्वा?"

"नेलं असतं की मला. ह्यास्नी कोन बगनार हुतं? चूल पेटवाय येत नव्हती त्यास्नी." तिने आणखी एक रातांबा उचलला. "आन् वहीत लिवल्यालं परत येत न्हाई, ह्ये मी एकदा बगितलंया."

मला खोटं बोलायचं नाही. ते ऐकलं आणि छातीवरचं ओझं उतरलं. एवढ्या वर्षांत इतका मोकळा श्वास मी घेतला नव्हता. ती बाई समोर बसून स्वतःचा जीव उकलून दाखवत होती आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. याची लाज वाटायला क्षणभरच लागला. आणि त्या लाजेच्या मागोमाग दुसरं काही आलं, ज्याचा मी कधीच विचार केला नव्हता.

तिचे हात शेणाने भरलेले असायचे. मशीन स्वच्छ बोटाला लावायचं. ते धुऊन यायला तिला वेळ लागला असता, आणि मला चारच्या आत माळ गाठायचा असायचा. म्हणून मी पडवीतूनच विचारायची, "अव्वा, बरं आहे ना?" गोठ्यातून आवाज यायचा, "बरं हाय." सुनंदाही पिस्तूल घेऊन आत जात नव्हती, कारण मी पुढे निघालेली असायची. मी लिहायची: ज्वर इल्ल, केम्मु इल्ल. ऑक्सिजनचा रकाना रिकामा दिसू नये म्हणून तिथे आकडा घालायची. अज्जांपेक्षा एक जास्त, कारण ती वयाने लहान. तिला एकदा जरी बसवून बघितलं असतं, तर ताप सापडला असता, दोघांची तपासणी झाली असती, अज्जांची गाडी वेळेवर आली असती.

गंगव्वाने मान वर केली.

"मग तुमच्या वहीत माज्याम्होरं काय लिवलं हुतं?"

"अठ्ठ्याण्णव."

"कंच्या दिसाला?"

"रोज."

तिचे लाल हात थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुमी बगितलं न्हाई, मी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "आन् मधल्यामधी ह्ये ग्येले."

मी "व्हय" म्हटलं.